सिस्टरबाईंना विचारा : आजीच्या ट्रंकेतला दगड

मागच्या अंकात मी जाता जाता माझ्या मावशीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. ती १९५२ साली नर्सिंगला गेली आणि १९५६ साली शिकून बाहेर पडली, गेली तेव्हा आपलं बेळगाव मुंबई राज्यात होतं आणि ती ट्रंक घेऊन घरी परतली त्याच वर्षी १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेलं, एवढंच लिहिलं होतं. तर त्याच्यावर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे प्रश्न (गुडघेदुखी, शुगर, सुनेचं बाळंतपण) सगळे पुढच्या अंकात ढकलते. राग मानू नका. मी स्वतः शिकले ते सत्तरच्या दशकात, नंतर बरीच वर्षं पोरींना शिकवलं, त्यामुळं जे सांगते त्यातलं निम्मं मावशीचं आणि निम्मं माझ्या हातानं केलेलं आहे.

प्रश्न : माझी आजी त्याच काळात नर्सिंग शिकली. ती गेल्यावर तिची पत्र्याची ट्रंक उघडली तर त्यात एक पांढरा बेल्ट, एक कात्री, एक वही आणि कापडात गुंडाळलेला बोटाएवढा लांब गुळगुळीत करडा दगड निघाला. दगडावर बारीक चरे आहेत, वास तेलकट येतो. बाबा म्हणतात देवाचा असेल, आई म्हणते कसलं तरी औषध उगाळायचा. तूर्त देव्हाऱ्यात ठेवलाय. काय आहे ते? – एक नात, खानापूर

उत्तर : अगं बाळ, देव्हाऱ्यातनं काढू नकोस, असू दे तिथंच, त्या दगडानं पुष्कळांचं दुखणं कमी केलंय. तो सुया घासायचा दगड आहे.

आता तुम्हाला इंजेक्शन म्हणजे प्लास्टिकची सिरिंज, पाकीट फाडायचं, टोचायचं आणि डब्यात टाकायचं. तेव्हा सिरिंज काचेची आणि सुई स्टीलची, आणि एकच सुई महिनोन्‌महिने चालायची. टोचून टोचून टोक बोथट व्हायचं, नाहीतर टोकाला बारीक आकडा यायचा, माशाच्या गळासारखा, आणि तो आकडा आत जाताना कळायचा नाही पण बाहेर येताना मांस ओढून यायचा. म्हणून रोज दुपारी वॉर्ड जरा शांत झाला की ज्युनिअर पोरींनी सुया घेऊन बसायचं. आधी प्रत्येक सुईचं टोक कापसावरनं हळूच ओढायचं, कापसाचा तंतू अडकला की समजायचं आकडा आहे. मग दगडावर तेलाचा एक थेंब आणि सुईची तिरकी बाजू सपाट धरून पुढं मागं, पुढं मागं, बोटावर जोर द्यायचा नाही. परत कापूस. परत दगड. मग सुईच्या पोटातनं बारीक तार घालून आरपार साफ करायची, कारण आपल्याकडच्या विहिरीच्या पाण्यात क्षार, उकळून उकळून सुईच्या आत पांढरा थर बसायचा आणि ऐन वेळी औषध पुढं सरकायचंच नाही. मग स्टरलायझरमध्ये वीस मिनिटं उकळायचं. सिरिंजचा दांडा आणि नळी दोघांवर एकच नंबर असायचा, अदलाबदल झाली की एकतर दांडा आत जायचा नाही नाहीतर औषध मागनं गळायचं, आणि गरम असतानाच जोडायची घाई केली की काच तडकन जायची. काच गेली की पैसे स्टायपेंडमधून कट. मावशीचा तिसऱ्या महिन्यातला स्टायपेंड एका थर्मामीटरनं आणि एका सिरिंजनं जवळजवळ संपवला होता, थर्मामीटर फुटल्यावर पारा जमिनीवर मोत्यासारखा पळायला लागला आणि ही गुडघ्यावर बसून कागदानं तो गोळा करत होती, तेही कुणाला दिसायच्या आत. दवाखान्याचं नाव नको, तिथली माणसं वाईट नव्हती, नियमच तसा होता म्हणे.

आणि या सुया लागायच्या किती ते पण ऐक. पेनिसिलिन तेव्हा नवं, दर तीन चार तासांनी द्यावं लागायचं, दिवसा रात्री, पेशंटला झोपेतनं उठवून. एका वॉर्डात दहा पेशंट पेनिसिलिनवर असले तर चोवीस तासात साठ ऐंशी टोचण्या. दिवसातनं एकदाच द्यायचं प्रोकेन पेनिसिलिन हाताशी आलं तेव्हा पोरींनी देवाला नारळ फोडला असेल. आपल्या देशात पेनिसिलिन करायचा सरकारी कारखाना पिंपरीला १९५५ च्या सुमाराला सुरू झाला, त्याच्या आधी सगळं बाहेरनं यायचं, त्यामुळं एक व्हायल (औषधाची बाटली) सांडली तर मेट्रनसमोर, म्हणजे सगळ्या नर्सच्या मुख्य बाईंसमोर, उभं राहायची वेळ.

वही म्हणालीस, ती उघडून बघ. त्यात तारीख, बाईचं वय, कितवं बाळंतपण, मुलगा की मुलगी, वजन पौंडात अशा ओळी असतील तर ती मिडवायफरीची, म्हणजे बाळंतपणाच्या शिक्षणाची, केसबुक. ठरलेल्या संख्येएवढी बाळंतपणं स्वतःच्या हातानं केल्याशिवाय परीक्षेला बसता यायचं नाही. मावशीच्या वहीत विसावी ओळ तांबड्या शाईनं आहे, त्या दिवशी तिनं सगळ्या बॅचला कुंदा (आपली बेळगावची मिठाई) वाटला होता.

प्रश्न : मी बीएससी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमची क्लिनिकल पोस्टिंग सहा तासांची, तरी रूमवर आलं की पाय बादलीत घालून बसतो. आमच्या मॅडम सारखं म्हणतात, जुन्या मुली तुमच्यासारख्या कुरकुरत नव्हत्या. खरं काय? त्यांचा दिवस कसा असायचा? – एक विद्यार्थिनी, अथणी

उत्तर : कुरकुरत नव्हत्या हे साफ खोटं. रात्री लाइट बंद झाल्यावर कुरकुरायच्या, कारण दिवसा ऐकणार कोण? तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग आणि सांग की तेव्हा शिकणारी पोर हीच दवाखान्याची कामगार होती. हे एक नीट समजून घे म्हणजे बाकीचं सगळं आपोआप कळतं. १९४६ च्या भोर समितीच्या (सरकारनं आरोग्याची पाहणी करायला नेमलेल्या) अहवालात देशात नर्स होत्या साधारण सात हजार, म्हणजे त्रेचाळीस हजार माणसांमागं एक. मग वॉर्ड चालवायचा कुणी? शिकाऊ पोरींनी. एका वॉर्डला एक वॉर्ड सिस्टर, फार तर एक स्टाफ नर्स, आणि बाकी सगळं पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाच्या मुलींवर. लेक्चर म्हणजे कामातनं वेळ उरला तर, आणि तो उरायचा नाही म्हणून ऑफ ड्युटीत घ्यायचे.

मावशीचा दिवस असा. पहाटे पाचला घंटा. थंड पाण्यानं आंघोळ, प्रार्थना, चहा आणि शिळ्या भाकरीचा नाहीतर पावाचा तुकडा, सातच्या आत वॉर्डात. स्टार्च केलेला एप्रन, बेल्ट, डोक्यावर टोपी. आता तूच सांग, आपल्या बेळगावकडच्या जून जुलैच्या पावसात स्टार्च टिकतो काय? आठ आठ दिवस ऊन नाही, एप्रन वाळायचे शेगडीभोवती दोरी बांधून, त्याला धुराचा वास, त्यावर कोळशाची इस्त्री, आणि होस्टेलपासून वॉर्डापर्यंत जाईतोवर टोपीचे कान खाली. मग सिस्टर दारातच उभी. 'टोपीला झोप आली काय गं?' हे वाक्य मावशी म्हातारपणी पण सुनांना म्हणायची, पदर घसरला की.

वॉर्डात गेल्या गेल्या बेडपॅन, मग तोंड धुवायचं पाणी, मग बेड. बेड करणं म्हणजे चादर टाकणं नव्हे, हे तुम्हाला पण शिकवलंय, पण तेव्हा तीस कॉट एका रांगेत आणि सगळ्यांचे कोपरे पंचेचाळीस अंशात दुमडलेले, कॉटची चाकं सगळी एका दिशेला वळलेली, आणि उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दाराच्या विरुद्ध बाजूला. का म्हणून विचारलंस तर दारातनं येणाऱ्याला नीटनेटकं दिसावं म्हणून, दुसरं कारण मला तरी कुणी सांगितलं नाही आणि मी शिकवताना पण हेच सांगत आले. असल्या चार पाच गोष्टी निव्वळ कवायत होत्या, त्यांची आरती ओवाळायची गरज नाही.

पण पाठीची गोष्ट वेगळी. जो पेशंट स्वतः कुशीला होऊ शकत नाही त्याची पाठ दर चार तासांनी. साबणपाण्यानं पुसायची, कोरडी करायची, मग तळहातावर स्पिरिट घेऊन कंबर, टाचा, कोपरं, खांदे सगळीकडं चोळायचं, मग पावडर, मग खालच्या चादरीची एक सुरकुती राहता कामा नये, पोळीचा कण राहता कामा नये. बेडसोअर (पडून पडून होणारी जखम) झाला की तो पेशंटचा आजार नव्हता, नर्सचा गुन्हा होता, रिपोर्टात तसाच जायचा. (हाडावर जोरात चोळू नये हे आता आपल्याला माहीत आहे, स्पिरिटनं कातडी सुकते हे पण, तेव्हा चोळायचे. पण कूस बदलायची आणि चादर ताणायची ही त्यातली खरी गंमत, ती आज पण तीच आहे.)

टायफॉइडचा पेशंट म्हणजे तीन तीन आठवडे. क्लोरॅम्फेनिकॉल १९५० च्या आसपास मिळायला लागलं पण सगळ्यांना कुठलं परवडायला, त्यामुळं ताप चढला की गार पाण्यानं अंग पुसणं, पातळ अन्न, तोंडाची निगा, आणि वाट बघणं. न्यूमोनियाला जवसाचं पोटीस, म्हणजे शिजवलेल्या जवसाचा गरम लेप. आणि हे पोटीस इतकं गरम की आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, मगच पेशंटच्या छातीवर. मावशीच्या मनगटावर तांबूस डाग होता, कुणी विचारलं की म्हणायची जवसाचा.

आजाऱ्यांचा स्वयंपाक हा एक विषय होता, हे ऐकून तू हसशील. बार्लीचं पाणी, साबुदाण्याची पेज, कस्टर्ड, फोडलेल्या दुधाची निवळ, आणि अंड्याच्या पांढऱ्याचं पाणी. मावशीच्या बॅचला चिकोडीकडची एक लिंगायत घरातली मुलगी होती, तिनं जन्मात अंडं हातात धरलेलं नाही, प्रॅक्टिकलला रडत रडत अंडं फोडलं आणि फेटलं पण चव बघायची वेळ आली तेव्हा सिस्टरला म्हणाली, चव पेशंटला विचारूया. सिस्टर हसली आणि मार्क दिले. सिस्टर हसली ही बातमी संध्याकाळपर्यंत अख्ख्या होस्टेलला.

दुपारी एकपासून चारपर्यंत सुट्टी, पण त्यात लेक्चर. मग चार ते आठ परत वॉर्ड. म्हणजे स्प्लिट ड्युटी. आणि हातमोजे विसरले बघ. रबरी हातमोजे वापरून टाकायचे नाहीत, धुवायचे, पाणी भरून भोक कुठं आहे बघायचं, भोक असलं की सायकलच्या ट्यूबला लावतो तसं ठिगळ, वाळवायचे, पावडर लावायची, जोडी जुळवायची, कापडी पाकिटात घालून ड्रममध्ये भरायचे आणि ऑटोक्लेव्हला (वाफेवर जंतू मारायच्या यंत्रात). बँडेज धुवून परत गुंडाळायची. गॉज कापायचं, कापसाचे बोळे वळायचे. नाइट ड्युटीला बारा तास आणि तशी सलग महिनाभर, आणि सकाळी नाइट करून आलेल्या पोरीला पण ॲनाटॉमीच्या लेक्चरला बसायला लागायचं. सांगाड्याच्या पुढं डुलक्या. मावशी म्हणायची, आम्हा दोघात जागा तोच.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, त्यांचे पाय तुझ्यापेक्षा जास्त दुखायचे, आणि ते दुखायला नको होते. त्यांचे हात चांगले तयार झाले हे मान्य, मी बघितलेत ते हात, पण पोरींकडनं फुकट राबवून घेतलं म्हणून हात तयार झाले असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. एकच काम शंभर वेळा केलं म्हणून झाले. त्यातली पहिली वीस वेळा शिक्षण, उरलेली ऐंशी वेळा दवाखान्याची बचत. तू पाय बादलीत घाल, त्या पाण्यात मूठभर मीठ टाक, आणि पोस्टिंगवर पाय घट्ट धरणारे पट्टीचे मोजे वापर, फॅशनचे नको.

प्रश्न : माझ्या आईला १९५० मध्ये नर्सिंगला ॲडमिशन मिळाली होती पण आजोबांनी पाठवलं नाही, 'आपल्यातल्या बायका असली कामं करत नाहीत' म्हणाले. आई आता ९१ वर्षांची आहे, अजून ते पत्र जपून ठेवलंय. इतका विरोध का होता? – निपाणीहून एक मुलगी (वय ६६!)

उत्तर : आईंना आधी माझा नमस्कार. ते पत्र लॅमिनेट करू नका, शाई जाते, नुसतं वहीत सपाट ठेवा.

विरोधाची कारणं एक नव्हे. पहिलं म्हणजे विटाळ. रक्त, पू, मलमूत्र, बाळंतपण, प्रेत, यातलं एक जरी हाताला लागलं तरी आंघोळ करायची अशी आपली घरं, आणि नर्सचं सगळं कामच ते. बाळंतपण करणारी सुईण कोणत्या आळीत राहायची आणि तिला सुपातनं तांदूळ कसे घालायचे हे आठवा म्हणजे कळेल. दुसरं म्हणजे परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणं आणि रात्री घराबाहेर असणं. तिसरं, मिशन. आपल्या भागात चांगलं ट्रेनिंग म्हणजे मिशन दवाखाने. मिरजेला डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ साली हॉस्पिटल उभं केलं, नर्सिंगचं शिक्षण पण तिथं त्याच शतकात सुरू झालं, आणि घरी भीती ही की पोरगी तिकडं गेली की बाटणार. प्रार्थनेला बसायला लागायचं हे खरं. मावशी म्हणायची, प्रार्थनेला डोळे मिटायला मिळायचे तेवढीच झोप, आम्ही कसल्या बाटतोय.

म्हणून पहिल्या पहिल्यांदा या कामात आल्या त्या ख्रिस्ती मुली, विधवा, टाकलेल्या बायका, ज्यांना मागं खेचायला घर नव्हतं नाहीतर घराला त्या नकोच होत्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलात १८९१ साली ट्रेनिंग घेतलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव पहिली भारतीय नर्स म्हणून घेतात, म्हणजे तुमच्या आईच्या वेळेला साठ वर्षं झाली होती तरी आजोबांच्या लेखी ते 'असलं काम'च.

आणि तरी पण पोरी का जायच्या? कारण दुसऱ्या शिक्षणाला पैसे भरायला लागायचे आणि इथं राहायला खोली, दोन वेळचं जेवण, युनिफॉर्म आणि वर हातात चार रुपये. मावशीच्या घरी पाच बहिणी आणि भाताचं एक शेत, ते पण कुळाचं. तिच्या वडिलांनी तत्त्व वगैरे काही बघितलं नाही, एक ताट कमी झालं एवढं बघितलं. हे ती हसत सांगायची पण मला ते हसू कधी आवडलं नाही. सुट्टीला घरी आली की मागच्या दारी आंघोळ केल्याशिवाय आत घ्यायचे नाहीत, शेजारणी पाणी घालता घालता विचारायच्या, 'घाण काढतीस म्हणं गं तिकडं?' आणि मग त्याच शेजारणीच्या पोराला आकडी आली तेव्हा रात्री अकराला दार वाजलं. मावशीनं पोराला कुशीवर केलं, त्याच्या दातात चमचा घालायला निघालेल्या आज्जीचा हात धरला, आणि थांबली. आकडी गेली. दुसऱ्या दिवशीपासून मागच्या दारची आंघोळ बंद झाली असं लिहायला मला बरं वाटलं असतं, पण नाही झाली, आणखी चार वर्षं चालली.

तुमच्या आईंना विचारा, पत्रात सोबत आणायच्या सामानाची यादी आहे काय. बहुतेक पत्रांत असायची, दोन पांढऱ्या साड्या, सेकंद काटा असलेलं घड्याळ, एक मच्छरदाणी. घड्याळ ही मोठी अडचण. नाडी मोजायला सेकंद काटा पाहिजेच आणि घड्याळाची किंमत म्हणजे घरात म्हैस विकायचा विषय. मावशीला तिच्या मामानं जुनं मिलिटरीचं घड्याळ कँपातनं (बेळगावच्या लष्करी वस्तीतनं) कुणाकडून तरी मिळवून दिलं होतं, पट्टा पुरुषी, मनगटात दोनदा फिरायचा.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या बहिणीचं सर्टिफिकेट 'मुंबई' असं लिहिलेलं आहे आणि नोकरी सगळी कर्नाटकात झाली. ते चाललं कसं? आणि त्या शिकल्या कोणत्या भाषेत? घरी मराठी, गावात कन्नड. – शहापूर, बेळगाव

उत्तर : चाललं, कारण नर्सचं रजिस्ट्रेशन हे शाळेच्या दाखल्यासारखं नसतं. आपला भाग मुंबई इलाख्यात होता, तिथं नर्सेसच्या नोंदणीचा कायदा १९३५ चा. मग १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला तो यासाठीच, की सगळ्या देशात शिक्षणाचा दर्जा सारखा राहावा आणि एका राज्याचं शिक्षण दुसऱ्या राज्यानं मानावं. पुढं म्हैसूर राज्यानं १९६१ मध्ये स्वतःचा नर्सेसचा कायदा केला. तुमच्या आत्याबाईंनी पेन्शनच्या कागदात दोन्ही राज्यांचे नोंदणी नंबर लिहिले असतील, बघा. सीमाप्रश्नावर मी इथं लिहिणार नाही, त्याला दुसरी पानं आहेत.

भाषेचं मात्र मजेशीर. पुस्तकं इंग्रजी, लेक्चर इंग्रजीत नाहीतर मोडक्या मराठीत, होस्टेलात कोकणी, मल्याळम, मराठी, कन्नड, तेलुगू सगळं, आणि पेशंट ज्या भाषेत विव्हळेल ती भाषा. मावशीनं कन्नड शिकलं ते असं, वहीच्या शेवटच्या पानावर 'एल्लि नोवु' म्हणजे कुठं दुखतंय, 'मलक्कोरी' म्हणजे झोपा, 'अंजबेड' म्हणजे घाबरू नको. व्याकरण शून्य. बैलहोंगलकडच्या एका आजोबांना तिनं 'नीरु कुडीरी' म्हणजे पाणी प्या म्हणायच्या ऐवजी काहीतरी भलतंच सांगितलं आणि ते उठून नाचायला लागले म्हणायची, पण ही गोष्ट ती दर वेळी वेगळी सांगायची त्यामुळं किती खरी कुणास ठाऊक. दुखणं कुठंय हे आधी पेशंटच्या भाषेत विचारायचं आणि मग चार्टवर इंग्रजीत लिहायचं, ही सवय आपल्याकडच्या पोरींना आपोआप लागली. मी पुण्याला एकदा ट्रेनिंगला गेले होते तेव्हा तिथल्या बायका थक्क, म्हणे तुम्ही एकाच वाक्यात तीन भाषा कशा बोलता. म्हटलं बसस्टँडवर या की आमच्या.

प्रश्न : सिस्टरबाई, नर्सची पांढरी टोपी कुठं गेली? आणि पुरुष नर्स तेव्हा नव्हतेच का? – एक वाचक, गोकाक

उत्तर : टोपी हळूहळू गेली. ट्रेनिंगचे पहिले काही महिने ती मिळायची नाही, तेवढी परीक्षा पास झाली की समारंभ, मेणबत्त्या, दिवा, नाइटिंगेलची शपथ आणि मेट्रन स्वतः डोक्यावर टोपी ठेवणार. मुली रडायच्या. पण वॉर्डात ती टोपी सलाईनच्या स्टँडला अडकते, पडद्याला अडकते, आणि रोज धुतली जात नाही तेव्हा ती स्वच्छ कसली? गेली ते बरं झालं असं माझं मत, माझ्या बॅचच्या मैत्रिणी या वाक्यावरनं मला फोन करून बोलणार आहेत.

पुरुष नर्स होते की. सैन्यात तर होतेच, आपल्या कँपातल्या लोकांना माहीत असेल, आणि पुरुषांच्या वॉर्डात पण. पण कुणी त्यांना नर्स म्हणायचं नाही, कंपाउंडर म्हणायचे नाहीतर ब्रदर.

प्रश्न : माझी आई निवृत्त नर्स, वय ८७, आता बरंच विसरते. पण मध्येच 'स्टॅट', 'टीडीएस', 'एसओएस' असं काहीतरी बोलते, कामवाल्या बाईला पण. डॉक्टर म्हणतात वयामुळं. पण आम्हाला वाटतं काहीतरी अर्थ असावा. – वडगाव, बेळगाव

उत्तर : अर्थ आहे आणि तो अगदी बरोबर आहे. हे औषधाच्या चार्टवरचे लॅटिन शब्द. टीडीएस म्हणजे दिवसातनं तीनदा, बीडी म्हणजे दोनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे लागलं तर, आणि स्टॅट म्हणजे आत्ता, ताबडतोब, हातातलं काम टाकून. पहिल्या वर्षी हे सगळं पाठ करायला लागायचं, रोज सकाळी सिस्टर एकेकीला उभं करून विचारायची, त्यामुळं नाव गाव विसरलं तरी हे राहतं.

त्या काय म्हणतात ते लिहून ठेवा आणि त्याप्रमाणं करून बघा. चहा टीडीएस म्हणाल्या तर तीनदा द्या. बडीशेप एसओएस म्हणाल्या तर डबी जवळ ठेवा. आणि कुकरकडं बघून स्टॅट म्हणाल्या तर आधी उठून गॅस बंद करा, मग पुढचं पत्र लिहा.